घंटी कधी वाजवायची, वाट कुणी काढायची

आज आपण रस्त्याच्या कडेबद्दल बोलणार आहोत. रस्त्याबद्दल नाही, कडेबद्दल. डांबर संपतं आणि टपऱ्या, लोटगाड्या सुरू होतात, त्याच्या मधे हात-दोन हात मातीची पट्टी उरते. तिला सगळे साईडपट्टी म्हणतात. त्याच पट्टीवरून बाजाराला निघालेली बाई चालते आणि त्याच पट्टीवरून शाळेची पोरगी सायकल चालवते. दोघी आपल्याच घरातल्या. एकीच्या डोक्यावर पाटी, दुसरीच्या पाठीवर दप्तर. आणि दोघींच्या शेजारून ट्रक.

आपलं खापर रस्त्यावरचं गाव. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावर एका अंगाला अक्कलकुवा, तळोदा, आणि दुसऱ्या अंगाला हद्द ओलांडली की गुजरातचं सागबारा, डेडियापाडा, पुढे अंकलेश्वर. दोन राज्यांचा माल याच रस्त्याने जातो. त्यात बाजाराचा दिवस असला की पाड्यांवरून पायी आलेली माणसं, शेळ्या, पिकअप, काळीपिवळी, मोटारसायकली, सगळं एका जागी. महाशिवरात्रीला देवमोगऱ्याला याहामोगी मातेच्या दर्शनाला निघालेल्या बाया डोक्यावर टोपल्या घेऊन या बाजूने जातात. होळीच्या आधी भोंगऱ्याचे बाजार भरतात, काठीच्या होळीला माणसं रात्रभर चालत असतात. म्हणजे आपल्याकडे पायी चालणारा माणूस कधी कमी होत नाही. आणि सायकल आता वाढली आहे.

सायकल का वाढली ते तुम्हाला ठाऊकच आहे. मानव विकास कार्यक्रमात राज्यातले १२५ मागास तालुके घेतले आहेत, त्यात आपला अक्कलकुवा आहे. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. ज्या पाड्यावर एसटी जात नाही, तिथल्या मुलीसाठी सायकल म्हणजे दहावी पूर्ण होणं. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात झाली. पुढे अभ्यासकांनी मोजून पाहिलं, तर नववीत नाव घालणाऱ्या मुली ठळकपणे वाढल्या होत्या, आणि शाळा लांब असलेल्या गावांत तर जास्तच.

म्हणून आजचा विषय आम्हाला महत्त्वाचा वाटतो. समजा, बाजाराच्या गर्दीत सायकलचा धक्का लागून एखादी आजी पडली. दोन घरांत भांडण होतं, चार माणसं बसतात, औषधपाण्याचे पैसे ठरतात. आणि त्या रात्री पोरीच्या घरी एक निर्णय होतो: उद्यापासून सायकल बंद. सायकल बंद म्हणजे जाऊन-येऊन दहा किलोमीटर पायी, आणि पावसाळ्यात शाळाच बंद. मुलाच्या सायकलबद्दल असा निर्णय सहसा होत नाही, हेही सांगून टाकतो.

आता आजीच्या बाजूने पाहा. 'सायकलच तर लागली, त्याने काय होतंय' असं बोलायची पद्धत आहे. होतं बरंच. सायकलचा मार मोठा नसतो, पडणं मोठं असतं. उतारवयात हाडं ठिसूळ झालेली असतात. खुब्यापाशी मांडीचं हाड मोडलं तर मोठं ऑपरेशन, महिनोन् महिने अंथरूण, आणि कित्येक जणी त्यानंतर पहिल्यासारख्या चालतच नाहीत. त्यातून ती डांबराच्या बाजूला पडली आणि मागून गाडी आली, तर पुढचं बोलायला नको.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो, म्हणजे कुणी आपल्या पोरींच्या सायकलींना दोष देणार नाही. माणसं मारते ती मोटार. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यांत ३२ हजारांहून जास्त जण पायी चालणारे होते आणि चार हजारांहून जास्त सायकलवाले. यांतल्या बहुतेकांना धडक मोटारगाड्यांची होती. मोठ्या गाड्या आपल्याला कडेला ढकलतात, आणि त्या अरुंद कडेवर आपण एकमेकींना धडकतो. तरीही ट्रकवाल्याला शिस्त लागेपर्यंत आपण थांबून राहू शकत नाही. कडेवरचं आपलं आपण आजच नीट लावू शकतो.

आधी थोडा हिशेब. पायी चालणारी बाई तासाला चार-पाच किलोमीटर चालते. सायकलवरची मुलगी सपाटीला सहज पंधराच्या वेगाने जाते, म्हणजे एका सेकंदाला चार मीटर. समोर काही दिसलं, डोक्याने ओळखलं आणि हाताने ब्रेक दाबला, यात एक सेकंद जातोच. मग सायकल थांबायला आणखी तीन-चार मीटर लागतात. सगळं मिळून आठ मीटर. नऊवारी लुगडं पूर्ण उलगडून जमिनीवर पसरलं, तर ते जेवढं लांब, तेवढं अंतर. तेही कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक असतील तेव्हा. पाऊस असेल, ब्रेकचे रबर झिजलेले असतील, कॅरिअरवर मैत्रीण बसलेली असेल, तर दोन लुगड्यांइतकंही लागू शकतं. मुलींना शिकवताना मीटर सांगू नका, लुगडं सांगा. एकदा अंगणात पसरून दाखवा. पुढचं माणूस एका लुगड्याच्या आत आलं की वेग आधीच कमी झालेला असला पाहिजे.

आता सगळ्यांत अवघड प्रसंग घेऊ, कारण तो आपल्याकडे रोजचा आहे. पुढे बाई डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चालली आहे आणि मागून सायकल येते आहे.

मोळी डोक्यावर असली की मान वळत नाही. मागे बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागतं. आणि मोळी आडवी असते, दोन्ही बाजूंना दोन-दोन, तीन-तीन फूट बाहेर आलेली. आता मागच्या मुलीने अगदी जवळ येऊन ट्रिंग ट्रिंग केलं, तर काय होईल? बाई दचकून वळेल. ती वळली की मोळीची टोकं गोल फिरतील, आणि ज्या बाजूने सायकल निघून जायची, नेमकी तिथेच लाकडाची टोकं येतील, मुलीच्या तोंडाच्या उंचीला. चूक कुणाचीच नाही. बाईने ऐकून प्रतिसाद दिला, मुलीने घंटी वाजवली. फक्त घंटी चुकीच्या जागी वाजली.

म्हणून घंटी लांबून वाजवायची. दोन-तीन लुगडी अंतर असतानाच, एकदा, हलकी. मग वेग कमी करून जवळ यायचं आणि तोंडाने बोलायचं: "मावशी, उजवीकडून जाते, तुम्ही चालत राहा." या बोलण्यात तीन गोष्टी आहेत. मागे कुणीतरी आहे, ती कोणत्या बाजूने जाणार आहे, आणि तुम्ही काय करायचं आहे. घंटीला यांतली पहिलीच गोष्ट सांगता येते. आवाज ओळखीचा असेल तर मावशी आणखी निश्चिंत होते, आणि आपल्याकडे आवाज बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. भिली असो, अहिराणी असो, गुजराती असो, ज्या बोलीत मावशीला लगेच कळेल त्या बोलीत बोला.

आणि मावशींसाठी सांगणं असं की मागून घंटी ऐकू आली तर उडी मारू नका. वळूही नका. जशा चालत होतात तशाच, त्याच रेषेत चालत राहा. धडक बहुतेक वेळा कशी होते ठाऊक आहे? चालणारी बाजूला होते आणि सायकलही त्याच बाजूला वळते. मग दोघी पुन्हा दुसऱ्या बाजूला. अंगणात समोरासमोर आलो की आपलं असं होतं आणि आपण हसतो. रस्त्यावर हसायला वेळ मिळत नाही. त्यासाठी एकच नियम धरा: जिच्या हातात हँडल, तिनेच वळायचं. चालणारीने आपली रेष सोडायची नाही. सायकलवालीला बाईची रेष दिसत असते, बाईला सायकलची दिसत नसते. म्हणून वाट काढण्याचं काम सायकलवालीचं.

वाट मिळालीच नाही तर? उजवीकडून गाडी येते आहे, डावीकडे चिखल आहे, मधे मोळी आहे. अशा वेळी सायकलवालीने मावशीच्या मागे तिच्या पावलाने चालवायचं, किंवा सरळ पाय टेकवून थांबायचं. वीस-तीस पावलांत जागा मिळतेच. डांबरावर जायचं तर आधी मागे वळून बघायचं, नुसत्या कानावर विसंबायचं नाही. वारा असला की मागचा आवाज येत नाही, आणि बॅटरीवरच्या नव्या गाड्या तर जवळजवळ आवाजच करत नाहीत.

इथे साईडपट्टीची एक खोड सांगतो. डांबर उंच असतं आणि साईडपट्टीची माती पावसाने खचलेली असते. मधे चार बोटांची, कुठे वीतभर पायरी होते. खाली उतरलेली सायकल पुन्हा वर घेताना चाक त्या पायरीला घासत नेलं तर ते चढत नाही, कडेला अडकतं आणि सायकल आडवी होते. पडणारी पडते ती डांबरावर. म्हणून अशा ठिकाणी चालत्या सायकलने वर चढायचा प्रयत्न करू नये. थांबायचं, उतरायचं, चाक उचलून वर ठेवायचं. पाच सेकंदांचं काम आहे.

आता बाजू कोणती धरायची. यावर आपल्याकडे खरंच गोंधळ आहे. सायकल ही गाडी आहे, तिने डावीकडूनच जायचं, यात वाद नाही. उलट्या बाजूने येणारी सायकल हा मोठा धोका आहे, शाळेचं फाटक उजवीकडे आहे म्हणून शेवटचे शंभर मीटर उलटं येणं हासुद्धा. पण चालणाऱ्यांनी? आपल्या पिढीला शाळेत शिकवलं, डावीकडून चाला. जिथे फुटपाथ आहे तिथे ते ठीक. जिथे फुटपाथच नाही, तिथे जगात बहुतेक ठिकाणी सांगतात की समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला. आपल्याकडे गाड्या डावीकडून जातात, म्हणून आपण उजवीकडून चालायचं.

याचा आपल्या विषयाशी संबंध असा की असं केलं तर कडेवरची सायकल तुमच्या पाठीमागून येतच नाही, समोरून येते. डोळ्याला डोळा मिळतो. घंटीचा, मोळीचा, दचकण्याचा अर्धा प्रश्न तिथेच संपतो. ट्रक अगदी कडेला आला तरी तुम्हाला तो दिसतो आणि तुम्ही वेळेवर खाली उतरू शकता. मात्र डोळे मिटून पाळायचा हा नियम नाही. मोलगीकडच्या घाटातलं आंधळं वळण असेल, उजवीकडची साईडपट्टी वाहून गेली असेल, तिथे ज्या बाजूला जागा आणि नजर आहे ती बाजू धरायची.

एकामागे एक चालण्याबद्दलही बोलायला हवं. चौघी-पाचजणी हारीने गप्पा मारत चालणं हे आपल्या दिवसातलं एक सुख आहे, आणि ते कुणी काढून घ्यावं असं आम्हाला वाटत नाही. पाड्याच्या आतल्या रस्त्यावर खुशाल चाला. महामार्गाला लागलात की तेवढा तुकडा एकीमागे एक. लहान मूल बरोबर असेल तर ते रस्त्याच्या नाही, शेताच्या बाजूला. बोट धरून नाही, मनगट धरून. बोट सुटतं.

बाजारपेठेत मात्र वरचे नियम फारसे चालत नाहीत. तिथे बाजू राहत नाही, रेष राहत नाही. कुणी आमचूरचा भाव विचारायला अचानक थांबतं, कुणी बांगड्या बघायला वळतं, मूल हात सोडून पळतं. बाजारात माणसाने असंच चालावं, तो त्यासाठीच असतो. म्हणून तिथे बदलायचं सायकलने. बाजार सुरू झाला की सायकलवरून उतरायचं आणि हातात धरून न्यायची. उतरलं की आपण चालणारेच झालो. सायकल नेताना हँडलला पिशव्या लटकवू नका, त्या लोकांच्या गुडघ्यांना लागतात आणि हँडल ओढतं. 'उतरले तर उशीर होतो' असं मुली म्हणतात. दोनशे मीटरची पेठ चालत पार करायला तीन मिनिटं लागतात, गर्दीत सायकल चालवून दोन. वाचतं ते एक मिनिट.

अंधाराचं वेगळं बघायला हवं. संध्याकाळी क्लासवरून येणारी मुलगी आणि शेतातून येणारी बाई, दोघींना वाटतं की मला रस्ता दिसतो आहे, म्हणजे मीही सगळ्यांना दिसते आहे. तसं नसतं. सायकलला दिवा नसेल तर ती चालणाऱ्याला अगदी जवळ आल्यावरच कळते. आणि समोरून ट्रकचा प्रकाश डोळ्यांवर आला की सायकलवालीला पुढचे काही क्षण काहीच दिसत नाही. गडद लुगडं नेसून कडेने चालणारी बाई त्या क्षणांत नाहीशी होते. म्हणून समोरून मोठा दिवा आला की पायडल मारायचं थांबवा, ट्रक जाऊ द्या, डोळे सरावू द्या, मग निघा. सायकलच्या मागच्या मडगार्डला आणि पुढे दांड्याला रेडियमची पट्टी लावा. बाजाराच्या पिशवीला, काठीला, टोपलीच्या कडेलाही ती लावता येते. बॅटरी असेल तर उजेड पायाशी पाडा, समोरच्याच्या तोंडावर नको.

सायकलच्या प्रकृतीकडेही बघायचं असतं. पोरगी निघताना आपण डबा घेतला का विचारतो, तसं ब्रेक लागतो का हेही विचारावं. दोन्ही ब्रेक लागले पाहिजेत. खडीवर नुसता पुढचा ब्रेक दाबला तर चाक सरकतं, म्हणून दोन्ही एकदम आणि हळूहळू दाबायचे. पावसात चाकाची कड ओली असते, पहिला दाब वायाच जातो, म्हणून आधी हलकेच दोन-तीनदा दाबून पाणी पुसून घ्यायचं. ओढणी कमरेला घट्ट बांधायची, चेनमध्ये गेली तर गळ्याला फास बसतो. कानात वायर नको. आणि घंटी चालू हवी. नवीन घंटी पंक्चरवाल्याकडे फार महाग नाही, पण महिनोन् महिने कित्येकींच्या सायकलला ती नसतेच, आणि मग मुली 'ओ सरका' म्हणून ओरडतात.

घंटीवरून आठवलं. जपानमध्ये १९७० च्या दशकापासून ठरावीक फुटपाथांवर सायकल चालवायची मुभा आहे, म्हणजे आपल्यासारखीच एका पट्टीवर दोघांची सोय. तिथला कायदा सांगतो की फुटपाथ चालणाऱ्याचा आहे, सायकल पाहुणी आहे. तिने रस्त्याच्या बाजूने, हळू जायचं, चालणाऱ्याला अडथळा होत असेल तर थांबायचं, आणि 'बाजूला हो' म्हणून घंटी वाजवायची नाही. आपल्याकडे घंटी पूर्ण सोडून चालणार नाही, कारण आपल्या आवाजात ट्रकांचे हॉर्न मिसळलेले असतात. पण घंटी हुकूम सोडण्यासाठी नाही, वर्दी देण्यासाठी आहे, एवढं त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

शहरांनी वेगळी वाट करून पाहिली. पुणे एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. मग मोटारसायकली आल्या आणि सायकली मागे पडल्या. २०१७ साली तिथल्या महापालिकेने सायकलींसाठी मोठा आराखडा केला. फुटपाथला लागून सायकलचे मार्ग झाले, पण कित्येक ठिकाणी त्यांवर गाड्या लागतात, विक्रेते बसतात, लोक चालतात. नुसती रंगाची रेष मारली म्हणजे जागा वेगळी होत नाही. चालायची पट्टी मोकळी आणि सपाट असेल तरच माणूस तिच्यावर चालतो, नाहीतर तो सायकलच्या पट्टीवर येणारच. हे आपल्याला पुढे उपयोगी पडेल, कारण आपणही रेषच मारणार आहोत.

ती कशी, ते सांगतो. बाजाराच्या दिवशी पेठेच्या दोन्ही टोकांना सायकली लावायला जागा ठरवायची, म्हणजे आत सायकल न्यायची गरजच कमी होते. लोटगाड्या एक हात मागे सरकवायच्या आणि पुढे फक्कीने रेष मारायची, लग्नाच्या मांडवात किंवा खेळाच्या मैदानावर मारतात तशी. रेषेच्या आत पायी चालणारे. विक्रेत्या बायांशी आधी बोलून घ्यायचं, हे फार महत्त्वाचं आहे. एक हात मागे सरकायला त्या तयार होतात, पण सगळ्यांनी सरकायचं असेल तर. एकीलाच सरकवलं तर गिऱ्हाईक शेजारणीकडे जातं, आणि तिचं चिडणं बरोबरच असतं.

जे आपल्या हातात नाही त्यासाठी ग्रामसभा आहे. आपल्या राज्याच्या कायद्यात नेहमीच्या ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. पुष्कळ गावांत ती कागदावरच होते, ती खरोखर भरवा. तिथे मागायच्या गोष्टी अगदी साध्या भाषेत लिहा: साईडपट्टी डांबराच्या पातळीला भरून, दाबून द्या. शाळेपाशी आणि बाजारापाशी गतिरोधक, झेब्रा पट्टे आणि फलक द्या. गावठाणातल्या तुकड्यात फुटपाथ द्या. महामार्गाचं काम ग्रामपंचायतीच्या हातात नसतं, पण ठराव करून तो रस्त्याच्या खात्याकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवणं तिच्या हातात असतं. ठरावाची प्रत ग्रामसंघाकडे ठेवा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की चालण्याजोगा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तेव्हा मागताना हात जोडायची गरज नाही.

हॉलंड हा देश आज सायकलींसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथेही हे आपोआप झालं नाही. १९७१ साली त्या छोट्याशा देशात रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. त्यानंतर आई-बाप रस्त्यावर उतरले. 'मुलांची हत्या थांबवा' हे त्यांच्या चळवळीचं नाव होतं. १९७६ साली तिथे घरांमधल्या रस्त्यांसाठी कायदाच झाला: अशा रस्त्याच्या पूर्ण रुंदीवर चालणाऱ्यांचा आणि खेळणाऱ्या मुलांचा हक्क, आणि गाडीने माणसाच्या पावलाने जायचं.

आणखी एक सुचवतो. गटातल्या तिशी-चाळिशीच्या बायांनी स्वतः सायकल शिकावी. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो खेड्यातल्या बाया सायकल शिकल्या, शेतमजूर बायाही आणि खाणीत काम करणाऱ्याही. जिने एकदा हँडल धरलं तिला कळतं की सायकल जागच्या जागी थांबत नाही. आणि मुलींनाही एक दिवस उलटं करायला लावा: डोक्यावर भारा देऊन पन्नास पावलं चालवा आणि मागून मैत्रिणीला घंटी वाजवायला सांगा. हे दहा मिनिटांचं शिकवणं अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा, आमच्या या भाषणापेक्षासुद्धा, जास्त कामाचं आहे.

शेवटी, झालीच धडक तर काय करायचं. पडलेल्या बाईला लगेच उठवून बसवू नका. मांडी, कंबर किंवा मान दुखते म्हणत असेल, पाय आखूड किंवा वळलेला दिसत असेल, तर हलवू नका, १०८ ला फोन करा. तोवर दोघींनी गाड्यांच्या बाजूला उभं राहून, हात दाखवून वाहनं हळू करायची. डोक्याला मार लागला असेल तर 'काही झालं नाही' म्हणून घरी नेऊ नका, उलटी, गुंगी नंतरही येते. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती सोडा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे, नाव सांगायची सक्तीही करता येत नाही.

धडक मोटारीची असेल तर गाडीचा नंबर लिहून घ्या आणि पोलिसांत नोंद कराच. गाडी न थांबता पळून गेली आणि सापडली नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून मृत्यू झाल्यास कुटुंबाला दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळण्याची योजना आहे, त्याची चौकशी तहसील कार्यालयात करा. मे २०२५ पासून मोटारीच्या अपघातातल्या जखमीला योजनेतल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात.

सायकलच्या धडकेला यांतलं काहीच लागू नाही. सायकलचा विमा नसतो. तिथे दोन घरांनीच बसायचं असतं. अशा बैठकीला गटातल्या दोघी-तिघींनी जावं. आजीचा एक्स-रे, गोळ्या, घरच्या बुडालेल्या मजुरीचे दिवस, याचा हिशेब कागदावर मांडावा. आणि पोरीची सायकल बंद करायची गोष्ट निघाली, तर त्याच बैठकीत, त्याच वेळी, तिच्या बाजूने बोलावं. सायकलला घंटी, दोन चांगले ब्रेक आणि रेडियम बसवून घ्यायचं, बाजारात उतरून चालायचं, असं तिच्याकडून आणि तिच्या घरच्यांकडून कबूल करून घ्यावं, आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेला सायकलनेच जाईल हे तिथेच ठरवून उठावं.